आपांच्या उतरत्या पुड्या

रुकय्या आपांनी मला ऐकवलेलं पहिलं वाक्य म्हणजे, "मास्टरसाब, तुमच्या मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपी न्हाय."

मी सातवीच्या वर्गावर होतो. भिंतीवर शरीररचनेचा तक्ता, हातात छडी, समोर चाळीस पोरं. बार्शीहून भूमला नोकरीसाठी येऊन मला महिनाही झाला नव्हता. त्या दिवशी शाळेत मुलांची तपासणी करायला गावातल्या डॉक्टरीणबाई येणार, एवढंच मला ठाऊक होतं. दारात एक उंच, हडकुळ्या बाई उभ्या होत्या. पांढरी सुती साडी, गळ्यात नळी, आणि चष्म्याच्या दोन्ही काड्यांना बांधलेला काळा दोरा. मी गोंधळून स्वतःच्याच कमरेकडं पाहिलं. वर्ग खदखदून हसला.

"तुमच्या न्हाय, तक्त्यातल्या," असं म्हणत त्या आत आल्या. माझ्या टेबलावरचा खडू उचलला आणि तक्त्यातल्या दोन्ही मूत्रपिंडांवर एकेक बारकी टोपी काढली. मग पोरांकडं वळल्या. "ही ग्रंथी. बोटाच्या पेराएवढी. हिच्यातनं एक रस निघतो. त्याला नळी न्हाय, पाट न्हाय, सरळ रगतात मिसळतो न् रगतासंगं डोक्यापासून टाचेपर्यंत सगळीकडं जातो. ताप आला, मार लागला, उपास घडला, की हा रस जास्त निघतो न् अंगाला तग धरायला लावतो. टोपी बंद पडली तर काय हुईल?"

पोरं माझ्याकडं टकमका बघू लागली.

"तुमचे मास्टरसाब इथं उभे न्हाय ऱ्हाणार. आडवे हुतील."

मास्तर आडवे होण्याची कल्पना वर्गाला इतकी आवडली की वर्षभर मला कुठलाही धडा शिकवताना कुणीतरी मागून विचारायचं, "गुरुजी, टोपी बरी हाय का?"

आपा मूळच्या बेंबळीच्या. शिक्षण हैदराबादेत झालेलं. निजामाचं राज्य गेलं, मग हैदराबाद राज्यही मोडलं, आपला मुलूख मुंबईला जोडला गेला. त्यांच्याबरोबर शिकलेल्या बऱ्याच जणी मोठ्या शहरांत गेल्या आणि आपा भूमला आल्या. का, असं विचारलं तर म्हणायच्या, "इथं यष्टी थांबली." लग्न का केलं नाही, असं विचारणाऱ्या बायकांना सांगायच्या, "दवाखान्याला सवत चालत न्हाय." त्यांना गावातले सगळे, अगदी त्यांच्याहून वयानं मोठे असलेलेसुद्धा, आपाच म्हणत.

बाजारतळाशेजारी दोन खोल्या आणि एक ओसरी, वर पत्रा, हा त्यांचा दवाखाना. त्याला गावात 'आपांची शाळा' म्हणत, कारण तिथं पाठांतर घ्यायचे. औषध कधी घ्यायचं, किती घ्यायचं, काय झालं तर थांबायचं, हे रोग्यानं स्वतःच्या तोंडानं तीनदा म्हणून दाखवायचं. चुकला की रांगेच्या शेवटी. मी तिथं मोठमोठे आडते आणि पाटील कपाळाला आठ्या घालून "जेवणानंतर एक, जेवणाआधी न्हाय" असं पुटपुटत बसलेले पाहिले आहेत. कुणी "सुईच मारा" असा हट्ट धरला तर उत्तर ठरलेलं: "सुई माझी, मर्जी बी माझी."

त्यांची आणखी एक खोड होती. बोलता बोलता समोरच्याचा हात हातात घेऊन त्या नाडी बघू लागायच्या. तुम्ही आपले पावसापाण्याचं सांगत असायचात आणि त्या मधेच म्हणायच्या, "चहा कमी करा." टपालानं त्यांच्याकडं डॉक्टरी मासिकं यायची, महिना-दीड महिना उशिरानं. खेड्यावर रोगी बघायला निघाल्या की बैलगाडीत बसून ती वाचायच्या, आणि परतल्यावर त्यातलं काही ना काही मला ऐकवायच्या. गावात इंग्रजी वाचणारी माणसं होती, पण 'मग पुढं काय झालं' असं विचारणारा मी एकटाच होतो.

आता हेडमास्तरांकडं यायला हवं.

आमचे हेडमास्तर नागप्पा म्हणजे कपाळावर भस्माचे पट्टे, बोलण्यात कानडी हेल आणि दोन्ही गुडघ्यांत संधिवात. शाळेच्या चार पायऱ्या चढायला त्यांना चार मिनिटं लागायची. प्रत्येक पायरीवर ते दम घ्यायला थांबत आणि थांबले की एकेका शिक्षकावर डाफरत. तिसरी पायरी माझी होती. आपांनी त्यांना शेक, मालीश, गोळ्या असं दोन वर्षं सगळं देऊन पाहिलं होतं. दुखणं थोडं कमी व्हायचं, पुन्हा यायचं.

आणि एका सोमवारी हेडमास्तर चार पायऱ्या सरळ चढून गेले. डाफरायला थांबलेसुद्धा नाहीत. आम्ही सगळे शिक्षक एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिलो.

तिथून पुढं शाळेत नवलच सुरू झालं. प्रार्थनेनंतर हेडमास्तर खड्या आवाजात कानडी वचनं म्हणू लागले. खो-खोच्या मैदानावर शिट्टी घेऊन धावू लागले. सगळ्या वर्गांच्या वह्या सकाळी आम्ही यायच्या आत तपासून ठेवलेल्या असायच्या. "झोपच येत नाही हो," ते हसत सांगायचे, "आणि नकोच वाटते!" त्यांच्या पत्नी इरव्वा वहिनी म्हणायच्या, "दोन भाकरी खाणारा माणूस पाच खातोय, वर गूळ मागतोय." दोन-तीन महिन्यांत त्यांचा चेहरा असा गोल झाला की टोपी लहान पडू लागली. "हेडमास्तरांनी बाळसं धरलं," असं गाव कौतुकानं म्हणायचं.

ही करामत होती केशरबुवाची. हा माणूस दर बाजाराला कुठूनसा यायचा. भगवा फेटा, पुढ्यात मुळ्या आणि बाटल्या, आणि हिमालयातल्या मुळीच्या म्हणून विकलेल्या केशरी रंगाच्या पुड्या. दमा, संधिवात, कंबर, खाज, सगळ्यांवर तीच एक पुडी. आणि खरं सांगायचं तर गुण यायचा. तोही दोन दिवसांत.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनासाठी आपांना शाळेत बोलावलं होतं. झेंडा वर गेला, सगळे वर बघत होते, आणि आपा हेडमास्तरांच्या गालांकडं बघत होत्या. कार्यक्रम संपताच त्यांनी हेडमास्तरांचा हात हातात घेतला.

"हेडमास्टरसाब, पोट वाढलं न् पोटऱ्या बारीक झाल्या का?"

"तब्येत सुधारली, आपा."

"बारकं खरचटलं तर लवकर भरून येत न्हाय?"

"तुम्ही जळू नका हो," हेडमास्तर हसून म्हणाले. "दोन वर्षं तुमच्याकडं खेटे घातले, गुडघा हलला नाही. बुवाच्या पुडीनं पळायला लागलो."

"जळत न्हाय," आपा म्हणाल्या. "भ्याले मी."

परतताना मी त्यांच्याबरोबर चालत होतो. त्या म्हणाल्या, "मास्टरसाब, मला वाटतं त्या पुडीत हिमालय-बिमालय काही न्हाय. टोपीतल्या रसासारखं औषध आता कारखान्यात करत्यात. गोळ्या येत्यात. मासिकात लई वाचलंय मी. सुजलेला सांधा खाली बसवतं, दमा मोकळा करतं, मरायला टेकलेला माणूस उठवतं."

"मग चांगलंच की!"

"लई चांगलं हाय. म्हणून तर भ्याले."

पुडी बघायला द्या म्हणून त्यांनी हेडमास्तरांना दोनदा निरोप पाठवला. हेडमास्तरांनी दोन्ही वेळा कळवलं की पुडी उघड्यावर ठेवली की तिचा गुण जातो, असं बुवांनी बजावलंय. तेव्हा आपांनी एसटीच्या ड्रायव्हरबरोबर चिठ्ठी देऊन सोलापूरहून दोन इंजेक्शनं मागवून ठेवली. कुणासाठी, ते सांगितलं नाही.

पुढं लागोपाठ दोन बाजारांना बुवा आलाच नाही. त्याच्या पोरीचं लग्न होतं असं मागाहून कळलं. इतरांनी साठवलेल्या पुड्या पुरवून पुरवून खाल्ल्या, हेडमास्तरांच्या मात्र संपल्या. पहिले दोन दिवस नुसती अंगदुखी. मग अन्न नकोसं झालं. त्यात ताप आला. तरी गडी हट्टानं शाळेत आला, आणि प्रार्थना चालू असताना पहिल्या ओळीतल्या पोरांच्या अंगावर कोसळला. ओठ पांढरे, अंग थंड, घामानं भिजलेलं.

मी आपांना बोलवायला धावलो. त्यांनी मला एकच विचारलं, "पुडी कधी संपली?" मी म्हणालो, "चार दिवस झाले." त्यांनी कपाटातून ती दोन इंजेक्शनं काढली आणि रोग्यांनी भरलेली ओसरी तशीच सोडून निघाल्या.

शाळेच्या ऑफिसात, दोन बाकं जोडून, त्यांनी हेडमास्तरांना झोपवलं. रक्तदाब इतका खाली गेला होता की त्यांनी तीनदा मोजून पाहिला. शिरेतून मीठ-साखरेचं पाणी चालू केलं, इंजेक्शन दिलं आणि नाडीवर बोट ठेवून बसून राहिल्या. इरव्वा वहिनी पायाशी बसून शिवाचं नाव घेत होत्या.

दुपारच्या सुट्टीची घंटा झाली तेव्हा हेडमास्तरांनी डोळे उघडले. आढ्याकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं, आणि क्षीण आवाजात मला म्हणाले, "नववीचा तास कुणाचा आहे?"

तास माझाच होता. आपा इतक्या मोठ्यानं हसल्या की बाहेरची पोरं खिडकीला लोंबकळली.

संध्याकाळी इरव्वा वहिनींनी विचारलं, "आपा, औषध बंद केल्यानं माणूस मरायला कसा टेकतो? औषध खाल्ल्यानं मरत्यात ते ऐकलंय."

"वहिनी, समजा रोज सकाळी कुणी तुमच्या दारात आयत्या गरम भाकरी आणून दिल्या. चूल पेटवाल का?"

"कशाला पेटवू?"

"तीन महिनं न्हाय पेटवली. सरपण संपलं, चुलीत मांजर झोपाय लागलं. न् एक दिवस भाकरीवाला आलाच न्हाय. त्याच दिवशी दारात वीस पाव्हणं. मग?"

इरव्वा वहिनी नवऱ्याकडं बघून म्हणाल्या, "मग समदे उपाशी."

"हेच झालं. ही टोपी म्हंजे आपली चूल. डोक्याच्या तळाशी एक ग्रंथी हाय, ती तिला रोज हुकूम सोडती, रस काढ म्हणून. बाहेरनं रस मिळाय लागला की वरनं हुकूम बंद. चूल विझती, आक्रसती. पाव्हणं म्हंजे हा ताप. त्याला जास्त रस लागत हुता न् घरात तर टिपूस न्हाय."

"आता?"

"आता भाकरी एकदम बंद करायच्या न्हायत. पाच, मग चार, मग तीन. लई हळू. तवर चूल आपसूक धग धरंल."

"म्हणजे मला पुन्हा तीच पुडी?" हेडमास्तरांनी आशेनं विचारलं.

"तीच. पर उतरती."

पुढच्या बाजाराला आपांनी वेषांतर करायचं ठरवलं. इरव्वा वहिनींचं इरकली लुगडं नेसल्या, तोंडावर पदर ओढला, हातात काठी घेतली, आणि मला धाकटा भाऊ करून बरोबर घेतलं. वेषांतर पूर्ण फसलं. चष्मा काढला तर दिसत नव्हतं, म्हणून तो तसाच होता, आणि काळा दोरा पदराबाहेर लोंबत होता. दहा पावलांवर भाजीवाली म्हणाली, "आपा, आज लुगडं?" पुढं एक म्हातारा उठून उभा राहिला, "सलाम आपा." आपा पदराआडून खेकसल्या, "गप बसा, मी आजारी हाय." सगळा बाजार आमच्यामागं मजा बघायला निघाला. आपांना न ओळखणारा माणूस त्या बाजारात एकच होता, आणि तोच आम्हाला हवा होता.

"काय हुतंय बाई?" केशरबुवानं विचारलं.

"गुडघं, बोटं, कंबर. समदंच."

बुवानं पुडी काढून दिली. आपांनी ती तिथंच उघडली, करंगळीनं जिभेवर ठेवली.

"सुंठ हाय. साखर हाय. गेरू घातलाय रंगाला. न् हे कडू काय?"

"हिमालयातली मुळी."

आपांनी पुडीत बोट फिरवलं आणि नीट न कुटलेला एक पांढरा तुकडा चिमटीत धरून वर केला. अर्ध्या गोळीचा तुकडा होता, कड गुळगुळीत, मधोमध रेघ. "बुवा, हिमालयात मुळीवर मधोमध रेघ मारून ठेवत्यात का? अर्धी तोडायला बरी म्हणून?"

माणसं हसली. मग हसू थांबलं, कारण हेडमास्तरांचं झालेलं सगळ्यांना कळलेलं होतं. कुणीतरी ओरडलं, "फौजदाराला बोलवा!" बुवानं झोळी उचलायला हात घातला, पण आपा त्याच्या झोळीवरच जाऊन बसल्या. पदर मागं टाकला.

"कुणी फौजदाराला बोलवायचं न्हाय. ह्याला आज आत टाकलं तर पुढल्या बाजारापतूर तुमच्यातले कितीतरी हेडमास्टरसाबांसारखे आडवे हुतील. पुडी एकदम सोडायची न्हाय, कुणीबी. बुवा, कुणाकुणाला पुडी देता ती नावं सांगा."

बुवाची स्मरणशक्ती मात्र अफाट होती. माणूस, गाव, दुखणं, पुडी कधीपासून चालू, सगळं त्यानं तोंडपाठ सांगितलं. मी लिहून घेतलं. पन्नासच्या वर नावं भरली. आपांनी प्रत्येक नावाला मान हलवली, आणि पन्नासाव्या नावानंतर कपाळाचा घाम पुसला.

आता अडचण अशी होती की ही माणसं आपांचं ऐकणार नव्हती. त्यांचा विश्वास बुवावर. म्हणून आपांनी जे केलं ते करायला त्यांचीच छाती हवी. त्यांनी बुवालाच दवाखान्याच्या ओसरीवर बसवलं. भगव्या फेट्यासकट. पुड्या त्यानंच द्यायच्या, पण भरायच्या आपांनी. सोलापूरहून मागवलेल्या गोळ्या दाढीच्या पात्यानं कापून, कुटून, साखरेत मिसळायच्या. गेरू काढून टाकला आणि रंगाला हळद घातली. दर आठवड्याला पुडीत गोळी थोडी कमी. एखाद्याला जास्त थकवा वाटला, ताप आला, की पुन्हा एक पायरी वर. त्याला बसवण्याआधी आपांनी फौजदाराच्या नावे लिहिलेला एक कागद बुवाला वाचून दाखवला, घडी घातली आणि खणात ठेवला. बुवा निमूट बसला.

पुढचे चार-पाच महिने ती ओसरी म्हणजे जत्रा होती. लोक तक्रार करायचे, "बुवा, आपांच्या दारात आल्यापास्नं तुमच्या पुडीचा कडूपणा गेला." बुवा आपांकडं बोट दाखवायचा. पुडी उतरली तशी बऱ्याच जणांची जुनी दुखणी परतली. आपा त्यांना शेक, साध्या गोळ्या, व्यायाम द्यायच्या आणि शिव्या खायच्या. दोन-तीन फार जखडलेल्यांना त्यांनी बारीक डोस चालूच ठेवला. हेडमास्तरांचे गाल ओसरले, भाकरी पुन्हा दोनावर आली, आणि एके दिवशी ते तिसऱ्या पायरीवर थांबून माझ्यावर डाफरले. मला इतका आनंद झाला की मी त्यांचे आभार मानले. ते आणखी चिडले.

याच दिवसांत गौरा आली.

जवळच्याच वाशी गावाकडच्या एका वाडीतली ही विशी-बाविशीची बाई. भाऊ तिला बैलगाडीतून आणायचा. तिसऱ्यांदा पुडी उतरवली तेव्हा भाऊ म्हणाला, "आपा, हिला सोसंना. उभं ऱ्हायलं की चक्कर येती." आपा त्या दिवशी माणसांनी वैतागल्या होत्या. "सगळ्यांना तसंच हुतंय. हट्ट करू नका. उतरवायचीच," असं तोडून बोलल्या.

आठ दिवसांनी भावानं तिला पोत्यासारखी खांद्यावर टाकून आणली. आपांनी इंजेक्शन दिलं, पाणी लावलं. ती थोडी सावध झाल्यावर ओसरीवरून बुवा चाचरत म्हणाला, "आपा, बोलू का? हिला म्या पहिल्यांदा बघितली तवा ही काळीठिक्कर हुती. काटकुळी. बसता येत नव्हतं. पुडीनं उठली. बाकीच्यांना नुस्तं दुखणं हुतं. ही तर मरत हुती."

आपा जागच्या जागी थांबल्या. मग गौराचा ओठ वर करून त्यांनी हिरड्या पाहिल्या. हाताचे तळवे उघडले. हिरड्यांवर काळे डाग, तळव्याच्या रेघा शाईनं गिरवल्यासारख्या काळ्या. कोपरं काळी. जुन्या भाजल्याचा व्रण काळा.

"ही पुडीच्या आधी काळी झाली?"

"व्हय," भाऊ म्हणाला. "जल्मली तवा गोरीपान, म्हणून तर गौरा नाव. लग्नानंतर काळी पडत गेली. काम उरकंना. सासरचे म्हणले, आळशी हाय."

"मीठ खाती का?"

भाऊ दचकला. गौरानं तोंड फिरवलं. मग तीच हळू बोलली, "चोरून खायची. मूठ-मूठ. सासूनं मिठाच्या मडक्यापाशी धरली. चेटूक करती म्हणून घालवून दिली."

"न् ल्हानपणी छातीचा आजार?"

"मला न्हाय. आईला हुता. ती त्यातच गेली. मी तिच्याच कुशीत निजायची."

आपा खाली बसल्या. तिचा तळवा मिटवत म्हणाल्या, "बाकीच्यांच्या चुली विझल्या हुत्या. हिची फुटलीय. क्षयानं खाल्ली असणार. ती आता पेटायची न्हाय. हिला भाकरी बाहेरनंच द्यायला पायजे, जल्मभर. न् मी ती काढून घेत हुते." मग ओसरीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं त्या बोलल्या, "माझी चूक झाली. पन्नास माणसांना एकच माप लावलं. आठ दिवसांपूर्वी मी हिच्या हिरड्या बघायला पायजे हुत्या."

डॉक्टरनं चूक झाली म्हटलेलं त्या गावानं कधी ऐकलं नव्हतं.

"बुवा," आपा म्हणाल्या, "तुम्ही न कळता हिचा जीव वाचवला. न कळताच बाकीच्यांचा घेणार हुता. कौतुक करत न्हाय. पर खरं ते खरं." बुवा मान खाली घालून हळद खलत राहिला. त्याच्या फेट्याचा शेमला त्या दिवशी दोनदा डोळ्यांपर्यंत गेलेला मी पाहिला.

सोलापूरला क्ष-किरण काढल्यावर आपांचा अंदाज खरा ठरला. क्षयाची औषधं चालू झाली, बरोबर त्या रसाच्या गोळ्या, थोड्याशाच, शरीर रोज स्वतः जेवढा रस काढतं तेवढ्या. शिवाय हवं तितकं मीठ. आणि मग पाठांतर. ते मी ऐकलं आहे.

"ताप आला तर?"

"गोळी दुप्पट."

"उलटी झाली, पोटात ठरंना तर?"

"जवळ असंल त्या डाक्टरकडं. सुई घ्यायची."

"एकदम बरं वाटलं तर?"

"तरीबी खायची."

"सासू म्हणाली, आता पुरे, तर?"

हा प्रश्न पाठात नव्हता. गौरानं पदर खोचला. "तर म्हणायचं, आत्याबाई, मीठ द्या."

आपांनी तिला त्या दिवशी पुन्हा म्हणायला लावलं नाही.

वर्षभरात तिच्या अंगावरची काळी छाया उतरली, गाडी थांबायच्या आधीच ती उडी टाकून उतरू लागली. सासरचे न्यायला आले. गौरानं सांगितलं, येते, पण मिठाचं मडकं माझ्या ताब्यात राहील. भाऊ हे आपांना सांगत होता तेव्हा त्या टाळ्या वाजवून हसल्या. सासरच्यांनी कबूल केलं. नांदली ती.

शेवटची उतरती पुडी संपली त्या दिवशी आपांनी खणातला कागद काढला आणि बुवाला म्हणाल्या, "चला, फौजदाराकडं. मी येते संगं."

"आपा! एवढी सेवा केली!"

"केली की. ते बी खाली लिवलंय." खरंच, कागदाच्या तळाशी वेगळ्या शाईत चार ओळी होत्या. त्या ओळींमुळं बुवा लवकर सुटला असं म्हणतात. पुन्हा त्या बाजारात मात्र तो दिसला नाही.

माझी पुढं धाराशिवला बदली झाली. काही वर्षांनी कळलं, आपा दवाखाना बंद करून बेंबळीला भावाकडं राहायला गेल्यात. मी भेटायला गेलो. बघताक्षणी कारण कळलं. दोन्ही हातांची बोटं वाकडी होऊन बाहेरच्या बाजूला वळली होती. सुई धरणं शक्य नव्हतं. चहाची बशी त्यांनी दोन्ही तळव्यांत धरून ओठाला लावली.

मला विचारावं की नाही कळेना. त्यांनीच सांगितलं, "घेते ती गोळी. बारीक डोस. आधी सहा महिनं न्हाय घेतली. अकड हुती. एक दिवशी केस विंचरायला भाचीला हाक मारावी लागली, तवा अक्कल आली."

"भीती नाही वाटत?"

"वाटती. रोज वाटती," त्या हसल्या. "भ्यायचं न् घ्यायचं. दोन्ही."

निघताना त्या मला फाट्यापर्यंत सोडायला आल्या. ऊन कडक होतं. एसटीची वाट बघत आम्ही उभे होतो, एवढ्यात शेताकडून एक बाई कडेवर पोर घेऊन घाईघाईनं आली. पोराची छाती घरघरत होती. आपांनी तिथंच रस्त्यावर त्याच्या पाठीला कान लावला. त्यांच्याकडं आता नळीही नव्हती. मग माझ्याकडं न बघता बाईला म्हणाल्या, "घरी चल लवकर," आणि त्या बाईच्या पुढं निघाल्यासुद्धा. काखेतली छत्री त्यांना उघडता येईना. बाईनं ती उघडली आणि आदरानं आपांच्या डोक्यावर धरली.

"माझ्यावर काय धरती? पोरावर धर," आपा खेकसल्या.

एसटी आली. मी चढून मागच्या खिडकीशी बसलो. पायवाटेवर काळी छत्री पोराच्या बाजूला पुरती कलंडलेली होती, आणि शेजारून, भर उन्हात, आपा पुढं पुढं चालल्या होत्या.